कर्म आणि विधानपूरक : इंग्रजी वाक्यातील भेद आणि आपल्या विद्यार्थ्यांचे भाषाज्ञान

प्रास्ताविक

'शी मेट अ टीचर' आणि 'शी बिकेम अ टीचर' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून त्यांतील कर्म ओळखण्यास सांगितले, तर वर्गातील बहुतेक विद्यार्थी दोन्ही ठिकाणी 'अ टीचर' असे उत्तर देतात. हे उत्तर अंदाजाने दिलेले नसते. क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असा प्रश्न विचारावा आणि जे उत्तर येईल ते कर्म समजावे, हा नियम त्यांना शाळेपासून आपणच शिकवलेला असतो. ती कोणाला भेटली? शिक्षकाला. ती काय झाली? शिक्षिका. नियम प्रामाणिकपणे वापरला म्हणूनच उत्तर चुकते. पुढे प्रयोग बदलण्याचा प्रश्न आला की 'अ टीचर वॉज मेट बाय हर' या वाक्याच्या जोडीला 'अ टीचर वॉज बिकम बाय हर' असे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते आणि आपण त्यावर लाल रेघ मारतो. विद्यार्थ्याला मात्र आपले नेमके काय चुकले हे कळत नाही.

पहिल्या वाक्यातील 'अ टीचर' हे कर्म आहे, म्हणजे डायरेक्ट ऑब्जेक्ट. दुसऱ्या वाक्यातील 'अ टीचर' हे विधानपूरक आहे, म्हणजे सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. (स्तुती या अर्थाचा 'कॉम्प्लिमेंट' हा शब्द उच्चाराने असाच आहे. पूरक या अर्थाच्या शब्दात मध्ये 'ई' हे इंग्रजी अक्षर येते, स्तुतीच्या शब्दात 'आय'. फळ्यावर हे एकदा लिहून दाखवावे.) हा भेद केवळ वाक्यपृथक्करणाच्या दोन गुणांपुरता नाही. कम्युनिटी कॉलेजात येणारा विद्यार्थी रुग्णसेवा, शिवणकाम, हॉटेल व्यवस्था असे काही शिकत असतो. 'द पेशंट फील्स वीक' आणि 'द नर्स फील्स द पल्स' या दोन वाक्यांत 'फील' हे क्रियापद दोन वेगळी कामे करते. ते ज्याला समजले नाही, त्याच्या नोंदीही डळमळीत राहतात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हा भेद आपल्या विद्यार्थ्याला नवीन नाही. तो ज्या भाषा बोलतो किंवा मकतब-मदरशात शिकलेला असतो, त्या भाषांत हा भेद तो रोज बिनचूक पाळतो. इंग्रजी नामाच्या रूपावर या भेदाची खूण नसते, म्हणून तेथे तो अडखळतो.

उज्जैनची भाषिक पार्श्वभूमी

अशा तुलनेसाठी उज्जैनसारखी जागा क्वचित सापडेल. घराबाहेर हिंदी आणि माळवी, मुस्लिम मोहल्ल्यांत उर्दू, मकतबात अरबी, आणि शिंद्यांच्या काळापासून स्थायिक झालेल्या कुटुंबांत मराठी. राणोजी शिंदे यांच्यापासून शिंद्यांचे ठाणे उज्जैनला होते. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे हलवली, तरी मराठी कुटुंबे येथे राहिली. संस्कृतचा अभ्यास तर येथे परंपरेनेच आहे. पाणिनीच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ २००८ पासून याच शहरात आहे.

मराठी व्याकरणाशी या गावाचा आणखी एक धागा आहे आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा १९११ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणारे मोरो केशव दामले हे उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापन करीत होते. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी व्याकरण समोरासमोर ठेवून एकेका मुद्द्याची तपासणी करण्याची त्यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे. आपल्या वर्गात त्यांत अरबी-उर्दूची भर घालता येते, एवढाच फरक.

'अपूर्ण' क्रियापद ही संज्ञा

आपल्याकडील जुनी इंग्रजी व्याकरणे, विशेषतः नेस्फिल्ड यांची पुस्तके आणि त्यांच्या मागोमाग आलेले रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक, 'बी', 'बिकम', 'सीम' अशा क्रियापदांना अपूर्ण विधानाची क्रियापदे म्हणतात. मराठीत त्यालाच अपूर्णविधान क्रियापद म्हटले जाते आणि ते विधान पूर्ण करणारा शब्द म्हणून विधानपूरक. उर्दू व्याकरणात 'होना', 'बनना' यांसारख्या क्रियापदांना फेल-ए-नाकिस, म्हणजे उणे क्रियापद, म्हणतात. तीन परंपरांत नाव जवळपास एकच आहे.

माझ्या मते अर्धा गोंधळ या नावातच आहे. 'शी बिकेम' एवढ्यावर वाक्य अपूर्ण राहते हे खरे. पण 'शी फाउंड' एवढ्यावरही ते अपूर्णच राहते. अपूर्णता ही खूण मानली तर सकर्मक क्रियापदेही त्यात येतात. विद्यार्थी 'काहीतरी हवे आहे' एवढे ओळखतो आणि जे येईल त्याला कर्म म्हणतो. तेव्हा काय उणे आहे, यापेक्षा जे येते त्याचे कर्त्याशी नाते काय, हे विचारले पाहिजे. 'शी मेट अ टीचर' मध्ये दोन व्यक्ती आहेत. 'शी बिकेम अ टीचर' मध्ये एकच व्यक्ती आहे आणि तिच्याविषयी काही सांगितले आहे.

अरबी व्याकरणाची साक्ष

ही एकत्वाची कसोटी आधुनिक भाषाशास्त्राची वाटते, पण ती बाराशे वर्षांपूर्वीची आहे. अरबीत 'जैदुन आलिमुन', म्हणजे जैद विद्वान आहे, या वाक्यात क्रियापदच नसते. जैद हा मुब्तदा आणि आलिम ही खबर. दोन्हींच्या शेवटी 'उन'. आता हे भूतकाळात न्यायचे तर 'काना' हे क्रियापद पुढे येते आणि वाक्य होते 'काना जैदुन आलिमन'. खबरेचा शेवट 'अन' झाला. हा 'अन' तर कर्माचा शेवट आहे. 'नसरा जैदुन आलिमन', म्हणजे जैदने एका विद्वानाला मदत केली, या वाक्याशी ताडून पाहावे. क्रियापद सोडले तर दोन्ही वाक्ये अक्षरशः एक आहेत. एकात आलिम हा जैदच आहे, दुसऱ्यात तो दुसरा कोणी आहे.

बसऱ्याचा थोर व्याकरणकार सिबवैह याने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या 'अल-किताब' या ग्रंथात 'काना'ला स्वतंत्र प्रकरण दिले. त्या प्रकरणाच्या मथळ्यातच त्याने भेद नोंदवला आहे : येथे क्रियापद कर्त्याकडून कर्माकडे जाते खरे, पण कर्ता आणि कर्म या दोन्ही जागी वस्तू एकच असते. रूप कर्माचे आहे हे तो नाकारत नाही. रूपावरून नाते ठरत नाही, एवढे तो दाखवतो. पुढच्या व्याकरणकारांनी या दोन पदांना कर्ता-कर्म म्हणणे सोडून 'काना'चे इस्म आणि 'काना'ची खबर अशी नावे रूढ केली आणि 'सारा' म्हणजे होणे, 'लैसा' म्हणजे नसणे, 'मा जाला' म्हणजे तसेच राहणे अशी क्रियापदे 'काना'च्या बहिणी म्हणून एका गटात ठेवली. इंग्रजीतील 'बी', 'बिकम', 'रिमेन' यांच्याशी हा गट सहज जुळतो.

अरबी परंपरेतील आणखी एक जोडी अध्यापकाला उपयोगी आहे : उम्दा आणि फजला. उर्दू बोलीत या शब्दांचे अर्थ फार वेगळे झाले आहेत, त्यामुळे वर्गात हशा पिकतो, तो पिकू द्यावा. व्याकरणात उम्दा म्हणजे वाक्याचा आधारखांब आणि फजला म्हणजे खांबांवर चढवलेली भर. कर्ता, मुब्तदा आणि खबर हे खांब. कर्म ही भर. 'काना'ची खबर 'अन' घेऊन कर्मासारखी दिसली तरी ती खांबच राहते. 'शी इज अ टीचर' मधून 'अ टीचर' काढले तर विधानच उरत नाही, हे यावरून चटकन पटते.

संस्कृतात याउलट रूपच सांगते. 'रामः राजा अभवत्' मध्ये राजा हा शब्द रामाच्याच विभक्तीत, प्रथमेत आहे. 'रामः राजानम् अपश्यत्' मध्ये तो द्वितीयेत गेला. म्हणजे एक भाषा पूरकाला कर्त्याचा पोशाख देते, दुसरी कर्माचा, आणि इंग्रजी नामाला कोणताच देत नाही.

इंग्रजीत पोशाख उरला आहे तो सर्वनामांत. 'इट इज आय' म्हणावे की 'इट इज मी' हा वाद त्यातूनच निघतो. जुनी पुस्तके 'आय' हेच शुद्ध मानतात, कारण पूरक कर्त्याच्या विभक्तीत असावे. प्रत्यक्ष बोलण्यात 'मी' हेच रूप सर्रास चालते आणि क्वर्क व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या विस्तृत व्याकरणानेही अनौपचारिक इंग्रजीत ते स्वाभाविक मानले आहे. 'मी' आल्याने ते कर्म होत नाही. 'काना जैदुन आलिमन' शिकलेल्या विद्यार्थ्याला हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

'ने'ची कसोटी आणि तिच्या मर्यादा

अरबी सर्वांना येत नाही. मराठी, हिंदी, उर्दू यांपैकी एक तरी सर्वांना येते, म्हणून वर्गातील मुख्य साधन तेच असावे. पुढील वाक्ये पाहू.

मराठी : 'सलमा डॉक्टर झाली.' 'सलमाने डॉक्टर शोधला.'
उर्दू-हिंदी : 'सलमा डॉक्टर बनी.' 'सलमा ने डॉक्टर ढूँढा.'

साध्या भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माचे लिंग घेते : शोधला, ढूँढा. पूरक आले की 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्याचे लिंग घेते : झाली, बनी. आठ वर्षांचे मूलही 'सलमाने डॉक्टर झाली' असे म्हणत नाही. इंग्रजी वाक्य मनात आपल्या भाषेच्या भूतकाळात आणायचे आणि 'ने' येतो का ते पाहायचे, एवढेच विद्यार्थ्याला सांगावे. मराठीत 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही, तेथे क्रियापदाकडे पाहावे : 'मी डॉक्टर झालो', पण 'मी डॉक्टर शोधला'. उर्दूत 'मैं ने' उघड दिसतो.

या कसोटीला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. मराठीत 'सलमा इंग्रजी शिकली', 'सलमा धडा विसरली', उर्दूत 'सलमा खाना लाई'. येथे कर्म आहे, तरी 'ने' नाही. म्हणून साध्या भूतकाळात 'ने' आला तर ते पूरक नाही, हे खात्रीने म्हणता येते. 'ने' आला नाही तर लगेच निकाल देऊ नये, दुसरी कसोटी लावावी. काळही साधा भूतकाळच हवा. 'सलमाने डॉक्टर व्हावे' यात 'ने' आहे, पण तो विध्यर्थाचा आहे. त्याचा कर्माशी संबंध नाही. चौकस विद्यार्थी हे वाक्य हमखास पुढे करतो.

विशेषणाच्या बाबतीत मातृभाषा याहून चांगली साथ देते. 'द मिल्क स्मेल्स बॅडली', 'शी लुक्स ब्युटिफुली' या चुका का होतात? 'कशी दिसते?' या प्रश्नाचे उत्तर क्रियाविशेषण, असे आपण शिकवतो आणि विद्यार्थी 'ली' जोडून देतो. त्याला 'ती चांगली दिसते' आणि 'ती चांगले गाते' ही वाक्ये द्यावीत. पहिल्यात 'चांगली' हा शब्द 'ती'प्रमाणे बदलतो : तो चांगला दिसतो, ते चांगले दिसतात. दुसऱ्यात 'चांगले' जागचे हलत नाही. उर्दूतही तसेच : 'वह अच्छी दिखती है', पण 'वह अच्छा गाती है'. बदलणारा शब्द कर्त्याविषयी बोलतो, म्हणून इंग्रजीत विशेषण : 'शी लुक्स गुड'. न बदलणारा शब्द क्रियेविषयी बोलतो : 'शी सिंग्ज वेल'. 'छान', 'सुंदर' असे अविकारी शब्द या कामी घेऊ नयेत. 'चांगला', 'मोठा', 'ओला' असे विकारी शब्द घ्यावेत. (काही जण 'ती चांगली गाते' असेही बोलतात. तो प्रश्न निघाला तर उर्दू वाक्याचा आधार घ्यावा.)

दोन्हीकडे जाणारी क्रियापदे

क्रियापदांची यादी पाठ करून घेण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण यादीतील बरीच क्रियापदे दोन्हीकडे जातात. 'द सूप टेस्टेड सॉल्टी', पण 'द कुक टेस्टेड द सूप'. 'ही ग्रू टायर्ड', पण 'ही ग्रू टोमॅटोज'. 'द मिल्क टर्न्ड सावर', पण 'शी टर्न्ड द पेज'. 'द रिपोर्ट प्रूव्ह्ड फॉल्स', पण 'ही प्रूव्ह्ड द थिअरम'. अशा ठिकाणी क्रियापदाच्या जागी 'वॉज' घालून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय. 'द सूप वॉज सॉल्टी' हे अर्थाच्या जवळ राहते. 'द कुक वॉज द सूप' ऐकून वर्ग हसतो आणि धडा लक्षात राहतो.

'बिकम' सुद्धा यातून सुटलेले नाही. 'दॅट कलर बिकम्स हर' म्हणजे तो रंग तिला शोभतो. रंग म्हणजे ती नव्हे, म्हणून येथे 'हर' हे कर्म. यादी पाठ केलेला विद्यार्थी येथे नक्की फसतो, एकत्वाची कसोटी लावणारा फसत नाही. 'मेक' हे क्रियापदही असेच : 'शी मेड अ गुड केक' मध्ये कर्म, 'शी विल मेक अ गुड टीचर' मध्ये पूरक.

प्रयोग बदलून पाहण्याची कसोटी बहुतेक पुस्तके प्रथम देतात. ती एकाच बाजूने विश्वसनीय आहे. कर्मणी वाक्य नीट झाले तर ते पद कर्म होते, हे सिद्ध. झाले नाही तर काहीच सिद्ध होत नाही. 'शी हॅज अ कार', 'द शूज फिट मी', 'शी रिझेंबल्स हर मदर' यांचे कर्मणी रूप होत नाही, तरी तिन्ही ठिकाणी कर्मच आहे. शेवटच्या वाक्यात मातृभाषाही दगा देते. आपण 'ती आईसारखी दिसते' असे पूरकाने सांगतो. इंग्रजी तेच कर्माने सांगते. विद्यार्थ्याला विचारावे : मुलगी आणि आई एक की दोन? दोन आहेत, येथे साम्य सांगितले आहे, एकत्व नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. 'ही सॉ हिमसेल्फ इन द मिरर' मध्ये पाहणारा आणि पाहिलेला एकच. मग हे पूरक का नाही? कारण ते एकत्व क्रियापद सांगत नाही. 'सी' हे पाहण्याची क्रिया सांगते. पाहणारा आणि पाहिलेला योगायोगाने एक निघाले, म्हणून इंग्रजीने 'सेल्फ' जोडून ते कळवले. तेथे दुसरी व्यक्ती बसवता येते : 'ही सॉ हर'. 'ही बिकेम अ टीचर' मध्ये कोणी दुसरा बसवताच येत नाही. उर्दूत 'उस ने अपने आप को देखा' म्हणताना 'ने' आणि 'को' दोन्ही येतात, तेही हेच सांगतात.

दोन पदे पुढे आली तर

'दे इलेक्टेड हर प्रेसिडेंट' आणि 'दे गेव्ह हर अ बुक' ही वाक्ये आली की प्रश्न पुन्हा उभा राहतो. अरबी व्याकरणकारांनी दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदांचे दोन गट केले आहेत. 'जनन्तु जैदन आलिमन', म्हणजे मी जैदला विद्वान समजलो, यातील दोन पदे मुळात मुब्तदा आणि खबर आहेत. क्रियापद काढले तर 'जैद विद्वान आहे' हे वाक्य उरते. 'अअतैतु जैदन किताबन', म्हणजे मी जैदला पुस्तक दिले, यातून 'जैद पुस्तक आहे' असे काही उरत नाही. हाच चाळणीचा धडा इंग्रजीला लावावा. 'शी इज प्रेसिडेंट' हे उरते, म्हणून 'प्रेसिडेंट' हे कर्माचे पूरक. कर्मणी केल्यावर 'शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट' मध्ये तेच कर्त्याचे पूरक होते. 'शी इज अ बुक' उरत नाही, म्हणून तेथे दोन स्वतंत्र कर्मे.

सरावासाठी 'मेड' या एकाच क्रियापदाची वाक्ये द्यावीत : 'सलमा मेड टी', 'सलमा मेड जरीना सम टी', 'सलमा मेड जरीना मॉनिटर', 'सलमा मेड अ गुड मॉनिटर'. प्रत्येक पदाखाली ते कोणाविषयी बोलते हे विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावे आणि संज्ञा त्यानंतर लिहावी. शेवटी 'शी मेड हिम अ गुड टीचर' हे वाक्य द्यावे. तिने त्याला चांगला शिक्षक घडवले, असा एक अर्थ. ती त्याच्यासाठी चांगली शिक्षिका ठरली, असा दुसरा. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थांना सारखेच राहते. मराठीत मात्र पहिल्यात 'तिने' आणि दुसऱ्यात 'ती' आल्याशिवाय वाक्य तयारच होत नाही.